चार वर्षं शुश्रूषा केली, तरी सराव परीक्षेत नापास

पत्र थोडक्यात: कणकवली तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय 33, बारावी आर्ट्स, दोन मुलं शाळेत, नवरा रिक्षा चालवतो. सासूबाईंच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून चार वर्षं त्यांचं सगळं यांनीच केलं. अंघोळ, भरवणं, बेडपॅन, रात्रीचं उठणं. गेल्या वर्षी सासूबाई वारल्या. आता या जनरल ड्युटी असिस्टंटचा (हॉस्पिटलात सिस्टरच्या हाताखाली पेशंटची सेवा करणारी मदतनीस), म्हणजे जीडीएचा कोर्स करतायत आणि परीक्षा तीन आठवड्यांवर आहे. प्रॅक्टिकलची काळजी नाही, 'ते मी झोपेतही करीन' असं त्या म्हणतात. धास्ती थिअरीची. बॅचमधल्या मुली विशीतल्या, भराभर इंग्रजी वाचणाऱ्या. या रात्री बारापर्यंत जागून प्रश्नसंच पाठ करतात, तरी दोन सराव परीक्षांत नापास झाल्या. चुकलेल्यांपैकी तीन प्रश्न त्यांनी नमुना म्हणून पाठवलेत. दीर म्हणतात, 'एवढं शिकून शेवटी वॉर्डातली मावशीच होणार ना?' गोव्यात घरी पेशंट सांभाळायला बायका पुरवणाऱ्या एका ब्युरोतर्फे काम करणारी मैत्रीण म्हणते, 'सर्टिफिकेट कोण बघतंय, तशीच ये.' परीक्षा आत्ता द्यावी, पुढच्या बॅचबरोबर द्यावी, की नाद सोडून कामाला लागावं, हा त्यांचा प्रश्न.

ताई, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या तीन प्रश्नांपाशी थांबले. पहिला: पेशंट बाथरूमजवळ पडलेला दिसला, सर्वात आधी काय कराल? तुम्ही उत्तर दिलंत, उचलून खाटेवर नेईन. दुसरा: पेशंट दुखतंय म्हणून गोळी मागतोय. तुमचं उत्तर, फाइलीत लिहिलेली दुखण्याची गोळी देईन. तिसरा: सलाइन संपत आलंय. तुमचं उत्तर, बंद करून काढून ठेवीन.

हे तिन्ही प्रश्न तुम्ही स्वच्छ मराठीत लिहून पाठवलेत. म्हणजे ते तुम्हाला नीट कळले होते. तेव्हा या तिन्ही ठिकाणी तुम्ही इंग्रजीमुळे अडलात, हे मला पटत नाही. तिन्ही उत्तरं घरात एकटीने पेशंट सांभाळलेल्या बाईची आहेत. चार वर्षं तुमच्या हाताशी ना सिस्टर होती, ना डॉक्टर. सासूबाई पडल्या तर उचलायचं तुम्हीच, गोळी द्यायचीही तुम्हीच. रात्री दोन वाजता विचारणार कोणाला? हात आपोआप पुढे जातो. परीक्षेत नेमकं हे तपासतात, की हात कुठे थांबतो.

पडलेल्या माणसाला लगेच हलवायचं नाही. म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं, डोक्याला किंवा मानेला मार असू शकतो. त्याच्याजवळच थांबायचं, हाक मारून शुद्धीवर आहे का बघायचं, सिस्टरला बोलवायचं आणि ती सांगेल तसं उचलायचं. गोळी जीडीए देत नाही, घरून आणलेली क्रोसिनसुद्धा नाही. किती दुखतंय, कुठे, कधीपासून, हे विचारून सिस्टरला सांगणं हे तिचं काम. सलाइनचंही तसंच. संपायच्या आधी कळवायचं, सुईला आणि नळीवरच्या थेंब कमी-जास्त करायच्या चाकीला हात लावायचा नाही.

आता प्रश्नसंच पुन्हा उघडा. 'सर्वात आधी काय कराल' असं विचारणारे सगळे प्रश्न वेगळे काढा आणि प्रत्येकाला एकच विचारा, इथे माझं काम कुठे संपतं आणि सिस्टरचं कुठे सुरू होतं? चुकलेल्या प्रश्नांपैकी बरेच या एका प्रश्नाने सुटतील, असा माझा अंदाज आहे. नर्सिंग शिकवण्यातच माझी नोकरी गेली. घरी आईला किंवा सासऱ्यांना सांभाळून आलेल्या बायका कामाला चपळ असतात, पण पेपरात हमखास इथेच मार्क घालवतात.

म्हणूनच तुमच्या दुसऱ्या वाक्याची मला जास्त काळजी वाटते. 'प्रॅक्टिकल मी झोपेतही करीन.' करालच. पण झोपेतलं असेसरला, म्हणजे परीक्षकाला, दिसणार नाही. तो बाहेरून येतो, तुमच्या केंद्रातला नसतो, तुमची चार वर्षं त्याला माहीत नसतात. त्याच्या हातात एक यादी असते. त्यातलं जे दिसलं किंवा ऐकू आलं, तेवढ्यालाच खूण. घरी सासूबाईंना 'मी तुमची सून, आता तुम्हाला पुसून घेते, चालेल का?' असं कोणी विचारत नाही. इथे विचारायचं. आपलं नाव सांगायचं, पेशंटचं नाव विचारून ते मनगटाच्या पट्टीशी ताडायचं, काय करणार ते सांगायचं, परवानगी घ्यायची, पडदा ओढायचा. समोर प्लास्टिकचा पुतळा असला तरी त्याच्याशी बोलायचं. पहिल्यांदा हसू येतं. येऊ दे, पण घरी येऊ दे.

तुम्ही लिहिलंय, सासूबाईंना मी एकटीच काखेत हात घालून उठवायचे, नाहीतर हाताला धरून ओढून बसवायचे. प्रॅक्टिकलला हे केलंत तर मार्क जातीलच, पण मार्कांपेक्षा मोठं कारण आहे. अर्धांगाच्या पेशंटच्या लुळ्या बाजूचा खांदा स्नायूंनी धरून ठेवलेला नसतो. तो हात ओढला की सांधा जागचा सरकतो आणि ते दुखणं महिनोन्महिने जात नाही. तुम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका. पण आता सांगते ते हाताच्या सवयीचं होऊ द्या.

व्हीलचेअर पेशंटच्या चांगल्या बाजूला, खाटेला लागून थोडी तिरकी लावायची. दोन्ही ब्रेक लावायचे, खाटेला चाकं असतील तर तिचेही. पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला. पेशंटला आधी खाटेच्या काठावर पाय खाली सोडून बसवायचं आणि जरा थांबायचं. चक्कर येतेय का विचारायचं, कारण पडून असलेल्या माणसाला एकदम बसवलं की बीपी उतरतं. पायात न घसरणारं पायताण. मग आपण समोर, पाय फाकवून, गुडघ्यात वाकून, पाठ सरळ. आधार कमरेला द्यायचा, बेल्ट असेल तर बेल्टला, हाताला नाही. तीन मोजून दोघांनी मिळून उठायचं आणि चांगल्या पायावर फिरवून बसवायचं. झेपणार नाही असं वाटलं तर 'मला मदतीला एक जण लागेल' हे मोठ्याने म्हणा. हे म्हटल्याने मार्क जात नाहीत. नको ते धाडस केल्याने जातात.

कपड्यांचंही असंच आहे. घालताना आधी लुळा हात, काढताना आधी चांगला. हे तुम्ही कोणी न शिकवता करत असणार, कारण दुसऱ्या कुठल्या पद्धतीने ब्लाउज अंगात जातच नाही. अशा ठिकाणी तुमचा अनुभव सोन्यासारखा आहे. दर दोन तासांनी कूस बदलणं, माकडहाड, टाचा, कोपरं, खांद्याची पाती, डोक्याचा मागचा भाग रोज बघणं, लाल दिसलं तर तिथे चोळायचं नाही, हे सगळं वीस वर्षांच्या मुलीला पाठ करावं लागतं आणि तुम्हाला आठवावं लागतं. भरवण्याचंही तेच. सासूबाईंना पेज भरवताना ठसका लागायचा म्हणून तुम्ही उशा लावून बसवायचात, हे तुम्हीच लिहिलंय. परीक्षेत तेच करायचं, फक्त बोलून: पेशंटला ताठ बसवते, हनुवटी किंचित खाली, लहान घास, गिळल्याशिवाय पुढचा नाही, जेवल्यावर अर्धा तास तरी आडवं करणार नाही.

नाडी आणि बीपीला घाई नको. नाडी तीन बोटांनी बघायची, अंगठ्याने कधीच नाही, कारण अंगठ्याला स्वतःचीच नाडी लागते. मोजायची पूर्ण एक मिनिट. ती झाली की मनगट सोडायचं नाही. बोटं तशीच ठेवून नजर छातीकडे न्यायची आणि श्वास मोजायचे. आपला श्वास मोजतायत हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला 60 ते 100, श्वास 12 ते 20. बीपी घेण्याआधी पाच मिनिटं शांत बसवायचं, पट्टा उघड्या दंडावर, हात हृदयाच्या पातळीला, मध्ये गप्पा नाहीत. आणि आकडा घेतला की लगेच लिहायचा. न लिहिलेलं बीपी घेतलंच नाही, असं वॉर्डात धरतात.

हात धुण्याला तुम्ही किरकोळ समजत असाल तर समजू नका. साबण-पाण्याने सगळ्या पायऱ्यांसकट 40 ते 60 सेकंद लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेल्या या पायऱ्या भिंतीवरच्या चित्रात असतातच. त्याआधी अंगठी, घड्याळ आणि बांगड्या काढायच्या. हिरव्या बांगड्या काढायला आपल्याकडे बायका कचरतात, सासर-माहेर दोन्ही आठवतं. पण बांगड्यांच्या खालचा हात धुतला जात नाही. परीक्षेच्या दिवशी घरूनच काढून जा, तिथे काढत बसलात तर मन विचलित होईल.

पाठ करण्यासारखं थोडं आहे, आणि ते केलंच पाहिजे. कचऱ्याचे रंग 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत ठरलेत. रक्त-पू लागलेला कापूस, ड्रेसिंग पिवळ्यात. ग्लव्हज, नळ्या, लघवीची पिशवी, सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, टोचून फाटणार नाही अशा डब्यात. काचेच्या औषधाच्या बाटल्या निळ्यात. पेशंटने टाकलेलं उरलेलं जेवण यातल्या कशातच नाही, ते साध्या कचऱ्यात, आणि हा प्रश्न मुद्दाम विचारतात. लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला टेकलेली नको. अंगावरचं संरक्षक किट काढताना ग्लव्हज आधी, मास्क शेवटी. एनबीएम, म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही, असं लिहिलं असेल तर पाण्याचा घोटही नाही. हृदय बंद पडलं तर छाती दाबण्याची गती मिनिटाला 100 ते 120, तीस वेळा दाबून दोन श्वास. या गोष्टी एका कागदावर मावतात. तो कागद चुलीच्या खोलीत लावा, पुस्तकात नको.

राहिलं इंग्रजी. पेपर कोणत्या भाषेत येणार, मराठीचा पर्याय आहे का, आणि पेपर टॅबवर आहे की कागदावर, हे उद्याच केंद्रात विचारा. मराठी पर्याय असेल तर अर्धी धास्ती तिथेच संपेल, पण तो आधी नोंदवावा लागतो का, तेही विचारून घ्या. नसेल तर प्रश्नसंचातले वारंवार येणारे शब्द वहीत उतरवा आणि प्रत्येकापुढे अर्थाऐवजी सासूबाईंचा एखादा प्रसंग लिहा. 'प्रेशर सोर' पुढे, पहिल्या पावसाळ्यात आईंच्या टाचेला झालेली जखम. हे विसरायचं म्हटलं तरी विसरता येणार नाही. टॅब असेल तर बॅचमधल्या एखाद्या मुलीकडून एक संध्याकाळ तो हाताळायला शिका. बदल्यात तिला खरा, जड, घाबरलेला पेशंट कुशीवर कसा वळवायचा ते दाखवा. त्या मुलींनी आजवर फक्त पुतळा वळवलाय, त्यांनाही तुमची गरज आहे. आणि रात्री बारापर्यंतचं जागरण बंद. दिवसभर घरकाम आणि क्लास करून रात्री डोळे मिटत असताना वाचलेलं डोक्यात शिरत नाही. पहाटे मुलं उठायच्या आधीचा एक तास पुष्कळ.

सरावाला पेशंट पाहिजे, तर नवऱ्याला खाटेवर झोपवा आणि सांगा, तुमची उजवी बाजू लुळी आहे, मला अजिबात मदत करायची नाही. रिक्षा लावून आल्यावर आयतं आडवं व्हायला मिळतंय, ते नाही म्हणणार नाहीत. त्यांना न उठवता चादर बदला, सगळं मोठ्याने बोलत. मुलांपैकी एकाला असेसर करा, हातात यादी द्या. आईच्या चुका काढायला मुलांना भारी आवडतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. माझं मत, परीक्षा आत्ताच द्या. पुढच्या बॅचपर्यंत थांबून तुमचं इंग्रजी फार पुढे जाईल असं नाही, पण शिकलेलं मात्र मागे पडेल. घरात एकदा 'पुढच्या वेळी बघू' म्हटलं की गणपती येतात, मग चाकरमानी, मग दिवाळी. नापास झालात तर पुन्हा परीक्षेला बसायची सोय कशी आहे, फी किती, हे आत्ताच विचारून ठेवा, म्हणजे त्याचं भूत मानेवर बसणार नाही. एक अपवाद ठेवते. आठवड्याभराने नवा सराव पेपर सोडवा. तरीही 'मीच उचलते, मीच देते' अशी उत्तरं येत असतील, तर शिकवणाऱ्या मॅडमसमोर बसून ते प्रश्न एकेक करून बोला. तेव्हाही जमलं नाही तर पुढे ढकलण्याचा विचार करू.

मैत्रिणीचं म्हणणं खोटं नाही. घरगुती कामासाठी बरेच ब्युरो सर्टिफिकेट मागत नाहीत. पण त्या घरात काय चालतं तेही तिला विचारा. इन्सुलिन कोण देतं? नाकातल्या नळीतून भरवताना काही बिघडलं तर फोन कोणाला? बारा तासांचे चोवीस झाले तर पैसे वाढतात का, झोपायला जागा कुठे? सर्टिफिकेट नसलेल्या बाईला 'तुला येतं ना, मग कर' असं सांगितलं जातं आणि काही झालं की खापर तिच्यावर फुटतं. कोर्स केलेली बाई 'हे माझ्या कामात बसत नाही' असं म्हणू शकते. रोजच्या पगारापेक्षा हे वाक्य मला मोलाचं वाटतं. हॉस्पिटलला लागायचं तर कागद विचारतातच. सरकारी भरती मात्र जाहिरातीतल्या अटींवर चालते, जीडीए झालं म्हणजे ओरोसला जिल्हा रुग्णालयात जागा ठेवलेली आहे असं कोणी सांगितलं तर त्याला पैसे देऊ नका. आणि कामासाठी गोव्यालाच गेलं पाहिजे असंही नाही. मुलगे मुंबईला, म्हातारी माणसं मोठाल्या घरात एकटी, गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलातून डिस्चार्ज मिळालेला पेशंट पडवीतल्या खाटेवर, आणि त्याची कूस कशी वळवायची हे घरात कोणालाच ठाऊक नाही, अशी घरं तुमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर असतील. संध्याकाळी मुलांपाशी परत येता येईल असं काम आधी जवळपास शोधा.

तुम्ही बारावी आहात आणि 33 वर्षांच्या, म्हणून आणखी एक. जीडीए म्हणजे नर्स नव्हे. नर्स म्हणून नाव महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे लागतं आणि त्यासाठी एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी करावं लागतं. 'सहा महिन्यांत नर्स व्हा' असे बोर्ड एसटी स्टँडबाहेर दिसतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. एएनएम दोन वर्षांचं आहे, आर्ट्सवाल्यांनाही चालतं, पण वयाची अट 17 ते 35 अशी आहे. म्हणजे तुमच्याकडे वेळ थोडा आहे. जीडीएचं काम करून हे आवडतंय असं वाटलं तर त्या वर्षीचे प्रवेशाचे नियम लगेच काढून बघा.

दिरांबद्दल फार लिहीत नाही. मावशीशिवाय वॉर्ड एक सकाळ चालत नाही, हे कुठलीही सिस्टर सांगेल. त्यांच्या आईचा बेडपॅन चार वर्षं कोणी उचलला हे त्यांना माहीत आहे, आणि त्या वेळी ते काम हलकं असल्याचं त्यांनी कधी म्हटल्याचं तुमच्या पत्रात नाही. फुकट होतं तोवर ते सुनेचं कर्तव्य होतं. वाद घालू नका, तीन आठवड्यांत तेवढा वेळ तुमच्याकडे नाही. नवरा पाठीशी आहे असं पत्रावरून दिसतंय, दिरांशी बोलायचं काम त्यांच्याकडे सोपवा.

शेवटी एक काम, जे अभ्यासाइतकंच महत्त्वाचं आहे. तुमच्या दहावी-बारावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव असणार आणि आधारवर सासरचं. नोंदणी कोणत्या नावाने झालीय ते केंद्रात बघून घ्या, स्पेलिंगसकट. लग्नाचं प्रमाणपत्र किंवा नाव बदलल्याचं राजपत्र लागणार असेल तर ते जमवायला दिवस जातात. सर्टिफिकेटवर चुकीचं नाव छापून आलं की दुरुस्तीसाठी पुढे कितीतरी हेलपाटे पडतात. पावसाचे दिवस आहेत, परीक्षेचं केंद्र लांब असेल तर पहिल्या एसटीच्या भरवशावर राहू नका. आदल्या रात्री कोणाकडे उतरता येईल ते बघा, नाहीतर त्या दिवशी रिक्षा तुमच्यासाठी राखून ठेवायला सांगा.